पुन्हा उभारलेल्या गावाने काय सांगावे?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, ‘ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज’ नावाचे एक संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटले की काचेची कपाटे आणि ‘हात लावू नये’ अशा पाट्या डोळ्यांपुढे येतात. इथे तसे नाही. दोनशेहून अधिक एकरांच्या आवारात चाळीसच्या वर वास्तू आहेत, कच्चे रस्ते आहेत, शेते, बैल आणि मेंढ्या आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतील पोशाख घातलेली माणसे त्या वास्तूंमध्ये त्या काळची कामे प्रत्यक्ष करत असतात. लोहार भाता चालवतो, कुंभार चाकावर बसतो, शेतघरातील बाई उघड्या आगीवर जेवण रांधते. साउथब्रिज येथे चष्म्यांचा मोठा कारखाना चालवणाऱ्या वेल्स कुटुंबाने छंद म्हणून जमवलेल्या रोजच्या वापरातील जुन्या वस्तूंतून हे गाव उभे राहिले आणि १९४६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. व्हर्जिनियातील ‘कलोनियल विल्यम्सबर्ग’ आणि मॅसॅच्युसेट्सच्याच किनाऱ्यावरील प्लिमथ येथील संग्रहालय ही याच जातीची आणखी दोन प्रसिद्ध स्थळे. स्टॉकहोममध्ये १८९१ साली आर्टुर हॅझेलियस यांनी सुरू केलेल्या ‘स्कान्सेन’पासून ही कल्पना जगभर पसरली; अमेरिकेत तिने जे मूळ धरले ते तर फारच खोल.

२०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे २५०वे वर्ष. देशाने आपला आरंभीचा इतिहास कसा सांगावा यावर तिथे कडवा वाद चालू आहे. २७ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात स्मिथसोनियन संग्रहालये आणि केंद्र सरकारच्या ताब्यातील स्मारके यांच्यातील निवेदनावर आक्षेप घेतला आहे, आणि पूर्वजांचा अनुचित अवमान होईल असा मजकूर तिथे नसावा असे बजावले आहे. वर उल्लेखिलेली गावे खासगी विश्वस्त संस्थांची असल्याने तो आदेश त्यांना थेट लागू होत नाही. प्रश्न मात्र त्यांनाही चुकवता येत नाही, किंबहुना त्यांना तो अधिकच अडचणीचा आहे. कारण ज्यांनी इतिहासाचे एकही पुस्तक उघडलेले नसते असे लाखो लोक आणि शाळेच्या बसमधून येणारी मुले देशाच्या बाल्यावस्थेचे पहिले चित्र याच गावांतून घेऊन जातात.

या पद्धतीची ताकद मोठी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. उदाहरणार्थ लोकर. मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर तेलकट असते. तिच्यात काड्या, कुसळे, वाळलेला चिखल असतो. ती धुवायची, वाळवायची आणि मग पिंजायची. हाताने पिंजायची तर तारेचे बारीक दात बसवलेल्या दोन फळ्या घेऊन लोकर एकीवरून दुसरीवर पुन्हा पुन्हा ओढायची, आणि खांदे भरून येईपर्यंत असे केल्यावर मूठभर पेळू तयार होतात. स्टर्ब्रिजच्या तळ्याकाठी मेन राज्यातून आणून बसवलेली लोकर पिंजण्याची जुनी गिरणी आहे. पाण्याचे दार उघडले की चाक फिरते, पट्टे फिरतात, तारेचे दात असलेले रूळ एकमेकांना घासत फिरू लागतात, आणि एका अंगाने घातलेली लोकर दुसऱ्या अंगाने लांबसडक पेळूंच्या रूपात बाहेर पडते. हे दोन्ही प्रकार एका सकाळी पाहिले की घरातल्या बायकांच्या कामांपैकी हे काम यंत्राने इतक्या लवकर का उचलले आणि त्याबद्दल फारशी हळहळ का झाली नाही, हे पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्यापेक्षा स्वच्छ कळते. हाताच्या श्रमाचे वजन शब्दांत येत नाही. ते इथे येते, आणि म्हणूनच ही गावे टिकली पाहिजेत असे माझे ठाम मत आहे.

पण नेमक्या याच ताकदीतून त्यांचा दोष जन्मतो. जे हातांनी करून दाखवता येते ते अशा गावात ठळक होते आणि जे करून दाखवता येत नाही ते दिसेनासे होते. सूत काढून दाखवता येते. कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात कसा ठरत होता हे चुलीपुढे बसून दाखवता येत नाही. शेत नांगरून दाखवता येते. ते शेत कोणाकडून, कोणत्या करारपत्राने आणि कोणत्या दबावाखाली घेतले गेले हे नांगरताना दिसत नाही. कर्ज, मालकी, वारसाहक्क, मतदानाचा अधिकार, माणसांची खरेदी-विक्री या गोष्टींना रूपही नाही आणि वासही नाही. त्यामुळे अशा गावात फिरून आलेल्या माणसाच्या मनात उरतो तो ताज्या पावाचा वास, घणाचा आवाज आणि कष्टाळू, स्वावलंबी, एकमेकांना धरून राहणाऱ्या पूर्वजांचे एक सुबक चित्र. ते चित्र खोटे नसते, पण फार अपुरे असते. आणि जिवंत माणसांच्या तोंडून व हातांतून आल्यामुळे ते अपुरे आहे अशी शंकाही पाहणाऱ्याला येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, या गावांनी आपण काळात मागे आलो आहोत हा भास टिकवण्याचा हट्ट सोडून द्यावा. कोणते घर कुठून आणले, कोणते पाडले, कशाचा पुरावा मिळाला आणि कशाची केवळ अटकळ बांधली, इथे तयार होणारा माल कोणाच्या अंगावर आणि पायांत जात होता, आणि या जमिनीवर आधी कोण राहत होते, हे त्यांनी पाहुण्याने विचारण्याची वाट न पाहता, कामे करून दाखवण्याच्या ओघातच सांगावे. भास मोडल्याने अनुभव उणा होत नाही. उलट तो अधिक खरा होतो.

स्टर्ब्रिजचेच पाहा. तिथले गाव जसे आज दिसते तसे ते कधीही, कुठेही नव्हते. दुकान व्हरमाँटमधील डमर्स्टनहून आले, श्रीमंताचे घर शेजारच्या चार्ल्टनमधून, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे प्रार्थनागृह बोल्टनहून आणि बँकेची इमारत कनेटिकटमधील टॉम्प्सनहून. वेगवेगळ्या राज्यांतील वास्तू उचलून, एका चौकाभोवती रचून न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांच्या, ‘नमुनेदार’ गावाची कल्पना साकार केलेली आहे. यात गैर काहीच नाही. त्या वास्तू जागच्या जागी राहिल्या असत्या तर कदाचित एकही वाचली नसती. परंतु गावाची ही सुबक मांडणी विसाव्या शतकातील संग्राहकांनी केलेली आहे, एकोणिसाव्या शतकातील शेतकऱ्यांनी नव्हे, ही गोष्ट पाहुण्याला पहिल्या चौकातच समजली पाहिजे. एकदा ती समजली की तो पुढच्या प्रत्येक घराकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतो.

त्याच गावातील चांभाराचे छोटे दुकान मला या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाटते. मध्य मॅसॅच्युसेट्समधील अशा एका खोलीच्या दुकानांत १८२० आणि १८३० च्या दशकांत जे जोडे बनत, त्यांतले बरेचसे गावातल्या माणसांसाठी नसत. व्यापारी कापलेले कातडे वाटून देई. वरचा भाग बायका घरी शिवत. मग दुकानात पुरुष तो लाकडी फर्म्यावर ताणून, आरीने भोके पाडून, लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकून त्याला तळ लावत. उजव्या-डाव्या पायाचा भेद नसलेले स्वस्त, टणक जोडेही यात भरपूर असत. तयार जोडे पेट्यांत भरून बॉस्टनला आणि तिथून जहाजाने दक्षिणेकडे जात, आणि त्यांचा एक मोठा ग्राहक होता दक्षिणेतील मळेवाला, जो आपल्या गुलामांसाठी ते ठोक भावाने घेत असे. ऱ्होड आयलंडच्या कापडगिरण्या तर गुलामांच्या कपड्यांसाठी म्हणून वेगळे जाडेभरडे कापड विणत आणि ते त्याच नावाने विकत. उलट दिशेने दक्षिणेचा कापूस न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत येई, आणि त्याचे स्वस्त कापड डमर्स्टनसारख्या गावांतील दुकानांत फळीवर लागे. ते स्वस्त होते म्हणूनच शेतकऱ्यांच्या बायकांनी घरचे माग अडगळीत टाकले. कापसातून सरकी वेगळी करण्याचे जे यंत्र १७९३ मध्ये निघाले आणि ज्याच्यामुळे गुलामांच्या मळ्यांना नवे आयुष्य मिळाले, ते करणारा इलाय व्हिटनी हा याच वूस्टर परगण्यातील वेस्टबरोचा मुलगा.

मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी १७८० च्या दशकातच संपली. तिच्या शेवटाला कारण ठरलेला क्वॉक वॉकर या गुलामाचा खटलाही याच परगण्यातला, आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. पण ‘आमच्याकडे गुलाम नव्हते’ एवढे म्हणून थांबणारे निवेदन आणि चांभाराच्या हातातला जोडा कोणाच्या पायात जाणार होता हे सांगणारे निवेदन यांत फार अंतर आहे. दुसऱ्या निवेदनाला वेगळी इमारत लागत नाही, नवे प्रदर्शन लागत नाही, कोणाला वेदनादायक भूमिका करावी लागत नाही. आरी हातात असतानाच दोन वाक्ये बोलायची असतात. त्या दोन वाक्यांनी ते शांत, स्वयंपूर्ण वाटणारे गाव एका अवाढव्य व्यापाराशी जोडले जाते आणि पाहुण्याला एकदम कळते की, स्वयंपूर्ण असे ते कधीच नव्हते.

विल्यम्सबर्गची गोष्ट अधिक कठीण आहे, कारण तिथे नुसते मौन नव्हते. हे शहर १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी होते. राजधानी रिचमंडला गेल्यावर ते मागे पडले. १९२६ मध्ये तिथले धर्मोपदेशक डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांच्या आग्रहावरून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी त्याच्या पुनरुद्धाराला पैसा देण्यास सुरुवात केली. अठराव्या शतकातील ८८ मूळ वास्तू दुरुस्त झाल्या. गव्हर्नरचा वाडा आणि विधानसभेची इमारत जुन्या पायांवर नव्याने उभारून १९३४ मध्ये खुली झाली. या कामासाठी नंतरच्या काळातील सातशेहून अधिक इमारती पाडण्यात आल्या. त्या भागात राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना तिथून हलावे लागले. अठराव्या शतकात या शहराच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतील बहुतेक सर्व गुलाम होते. तरीही संग्रहालय खुले झाल्यावर काही दशके ते पाहुण्यांना दिसले ते केवळ गाडीवान आणि स्वयंपाकी म्हणून, न बोलणारे.

नॅसॉ स्ट्रीटवरील चर्चचे जे झाले ते तर विसरण्यासारखेच नाही. ‘फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च’ ही मंडळी १७७६ मध्ये गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी स्थापन केली. गोवन पॅम्फ्लेट नावाचा, खाणावळीत राबणारा एक गुलाम त्यांचा धर्मोपदेशक होता. त्यांची पहिली इमारत १८३४ च्या वादळात गेली; तिच्या जागी १८५६ मध्ये विटांचे चर्च उभे राहिले. शंभर वर्षांनी संग्रहालयाने ती जागा विकत घेतली. चर्च अठराव्या शतकातले नव्हते आणि गावाचा काळ अठरावे शतक हा ठरलेला होता, म्हणून ते पाडले गेले आणि पुढे तिथे वाहनतळ झाला. ज्या लोकांनी देशाच्या जन्माच्या वर्षीच आपली मंडळी स्थापन केली होती, त्यांच्या स्मृतीवर देशाचा जन्म पाहायला येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहत होत्या. हे दुष्ट बुद्धीने केले असे मी म्हणत नाही. एक वर्ष निवडायचे आणि त्या वर्षात न बसणारे सगळे काढून टाकायचे, ही जी भासाची शिस्त आहे, तिचा हा परिणाम आहे. त्या शिस्तीत इतिहासाचा प्रवाह राहत नाही, एक गोठवलेला दिवस राहतो. आणि तो दिवस कोणता असावा हे ज्याच्याकडे पैसा असतो तो ठरवतो.

२०२० मध्ये संग्रहालयाने त्या वाहनतळाखाली उत्खनन सुरू केले. पुढच्या वर्षी पहिल्या इमारतीचा पाया सापडला, जेमतेम सोळा बाय वीस फुटांचा. आसपास साठहून अधिक दफने आढळली. त्यांतील कोणती उघडायची, हाडांची तपासणी करायची की नाही, हे प्रश्न मंडळीच्या आजच्या सदस्यांना विचारून, त्यांच्या संमतीने ठरवले गेले. तीन दफनांची तपासणी झाली आणि ती आफ्रिकी वंशाच्या लोकांची असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. पाहुणे हे काम कडेला उभे राहून पाहत होते, पुरातत्त्वज्ञांना प्रश्न विचारत होते. ज्या संस्थेने ते चर्च पाडले तिनेच पाहुण्यांसमोर आपल्या कृतीचा हिशेब मांडला, हे मी त्या संस्थेच्या शंभर वर्षांतील सर्वांत प्रामाणिक काम मानतो. भास टिकवायचा असता तर हे शक्यच नव्हते. खड्डा, फावडी, चाळण्या आणि प्लास्टिकची आच्छादने अठराव्या शतकात बसत नाहीत.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. अपुरे चित्र पुरे करायचे तर जे दडले आहे तेही पात्रांकरवी दाखवावे, त्यासाठी भास कशाला मोडायचा, असे अनेक जाणकार म्हणतात. विल्यम्सबर्गने तो मार्ग धैर्याने चोखाळला आहे. १० ऑक्टोबर १९९४ रोजी तिथे रस्त्यावर गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी, पूर्वजांच्या यातनांचा तमाशा होत आहे म्हणून निदर्शने केली. विभागप्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी निदर्शकांना सामोरे जाऊन प्रयोग पाहण्याची विनंती केली आणि स्वतः विक्रीला उभ्या केलेल्या स्त्रीची भूमिका केली. प्रयोगानंतर विरोध करणाऱ्यांपैकी एका नेत्याने आपले मत बदलल्याचे जाहीरपणे सांगितले. त्या दिवशी जे घडले त्याचे मोल मी नाकारत नाही. पण १९९९ मध्ये गुलामगिरीवरील सादरीकरणांची मोठी मालिका झाली, तेव्हा काही प्रेक्षक इतके गुंतले की एकाने गुलामांना पकडणाऱ्या गस्तवाल्यांवर चाल करून त्यांच्या बंदुका हिसकावण्याचा प्रयत्न केला. पाहणाऱ्याच्या मनात संताप आला, पण त्या संतापाला जायला वाट नव्हती. तो समोरच्या नटावर कोसळला. गस्तीचा कायदा कोणी केला, तो किती वर्षे टिकला, त्याची मुळे कोणत्या अर्थव्यवस्थेत होती, हे भूमिकेत असलेले कोणीही थांबून सांगू शकत नव्हते. शिवाय, दिवसामागून दिवस, तिकीट काढून आलेल्या अनोळखी लोकांपुढे आपल्याच पणजोबांचा अपमान स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांवर जो भार पडतो, त्याचा विचार आपण बाहेरून सल्ला देणाऱ्यांनी तरी करायलाच हवा.

प्लिमथमध्ये या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पाहायला मिळतात. हेन्री हॉर्नब्लोअर (दुसरे) यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या या संग्रहालयात इंग्रजांची वसाहत १६२० च्या दशकातील म्हणून उभी केलेली आहे, आणि तिथली पात्रे आपला काळ सोडत नाहीत. त्यांना स्वातंत्र्ययुद्ध माहीत नाही, कारण ते अजून व्हायचे आहे. संवाद रंगतो, उच्चार आणि शब्द अभ्यासून आत्मसात केलेले असतात, आणि कुशल नटाकडून त्या काळच्या श्रद्धांविषयी पुष्कळ शिकायला मिळते. जवळच वाम्पानोअॅग लोकांची वस्ती आहे. तिथले लोक कोणाची भूमिका करत नाहीत. ते मूळनिवासी समाजांतील आजचे लोक आहेत. पारंपरिक पोशाखात, आगीशेजारी झाडाचे खोड जाळत-कोरत होडी करताना ते आजच्या भाषेत, आजच्या माणसासारखे बोलतात. १६१६ ते १६१९ च्या साथीत पटुक्सेट हे गाव कसे निर्मनुष्य झाले, त्याच रिकाम्या शेतांवर १६२० मध्ये इंग्रज कसे येऊन बसले, त्याच गावचा, १६१४ मध्ये पळवून विकायला नेलेला टिस्क्वांटम परत आला तेव्हा त्याला काय दिसले, आणि त्यानंतरच्या चारशे वर्षांत त्यांच्या समाजाचे काय झाले, हे सगळे ते एका दमात सांगू शकतात. इंग्रज वसाहतीतील पात्राला यातले निम्मे ठाऊकच असू शकत नाही. ज्यांचा इतिहास दडपला गेला त्यांना बोलण्यासाठी एक दिवस पुरत नाही, शतके लागतात, म्हणून ही दुसरी पद्धत मला निःसंशय श्रेष्ठ वाटते. २०२० मध्ये संग्रहालयाने आपल्या नावात पटुक्सेट हा शब्द घेतला हेही बरे झाले. पण दोनच वर्षांनी, आपल्या वस्तीची आबाळ होत आहे असे सांगून वाम्पानोअॅग समाजातील काहींनी बहिष्काराची हाक दिली. नाव देणे स्वस्त असते. कामाला माणसे आणि पैसा द्यावा लागतो.

बॉस्टनच्या परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईवडिलांना स्टर्ब्रिजला आवर्जून नेतात, आणि त्या पिढीच्या माणसांना तिथे जी ओळख पटते ती पाहण्यासारखी असते. बैल, घुसळण, चुलीचा धूर, पेळू, लोहाराचा भाता हे त्यांच्यासाठी संग्रहालय नसतेच; ते आजोळ असते. ही आपुलकी खरी आहे. पण बारा बलुतेदारांच्या सुखी गावाचे जे चित्र आपण मनात जपतो, त्यात चांभार दिसतो, आणि मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम कोणाच्या माथी होते, गावकुसाबाहेर कोण राहत होते, विहिरीवर कोणाला हात लावता येत नव्हता, हे मात्र हाताने करून दाखवता येत नसल्यामुळे गळून पडते. कोल्हापूरजवळ कणेरी मठाने पुतळ्यांच्या रूपाने गावजीवन उभे केले आहे आणि तिथे गर्दी असते. उद्या महाराष्ट्रात आणखी अशी गावे उभी राहतील. ती उभारणाऱ्यांनी अमेरिकेतील सुतारकाम आणि तिकीटविक्रीचे तंत्र जरूर पाहावे, पण नॅसॉ स्ट्रीटवरील वाहनतळाची हकिकत त्याआधी वाचावी.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो टाळण्यासारखा नाही. विल्यम्सबर्गला १९८० च्या दशकात वर्षाला दहा लाखांहून अधिक तिकीटधारक पाहुणे येत. पुढे ती संख्या निम्म्यावर आली, कर्ज वाढले आणि २०१७ मध्ये नोकरकपात करावी लागली. विश्वस्त म्हणतात, लोक सुटी घालवायला येतात, त्यांना अपराधी वाटायला लावून कोण परत येईल? हे म्हणणे मला अनुभवाने पटत नाही. लोक उत्खननाच्या कडेला तासन्‌तास उभे राहतात, कारण पुढच्या फावड्याला काय निघेल हे तिथे कोणालाच ठाऊक नसते, पुरातत्त्वज्ञालाही नाही. गुळगुळीत केलेले गाव एकदा पाहून होते. शोध चालू असलेले गाव पुन्हा पाहावेसे वाटते. मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. दहा वर्षांच्या मुलाला ‘हे आम्हाला कसे कळले’ हा प्रश्न ‘ते लोक किती चांगले होते’ या उपदेशापेक्षा नेहमीच जास्त आवडतो.

विल्यम्सबर्गमध्ये या दिशेचे ताजे उदाहरण आहे ते ब्रे शाळेचे. लंडनमधील एका धर्मादाय मंडळाने, बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सल्ल्यावरून, १७६० मध्ये इथे कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली. अ‍ॅन वेजर नावाची बाई तिची शिक्षिका होती, आणि १७७४ मध्ये तिच्या मृत्यूबरोबर ती बंद झाली. शाळेची लाकडी इमारत विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या आवारात दुसऱ्याच वापरात ओळख हरवून उभी होती. तुळयांच्या लाकडातील वाढीची वलये मोजून तिचे वय निश्चित झाले आणि २०२३ मध्ये ती संग्रहालयाच्या आवारात हलवण्यात आली. या शाळेत गुलाम मुले वाचायला शिकली, आणि त्याच शाळेत त्यांना मालकाची आज्ञा पाळणे हा धर्म आहे असेही शिकवले गेले. वाचन शिकवणाऱ्यांचा हेतू एक होता आणि वाचता येऊ लागलेल्या मुलांनी त्या अक्षरांचे पुढे काय केले ते वेगळे. अ‍ॅन वेजरची भूमिका करणाऱ्या स्त्रीला यातला पहिला अर्धा भागच सांगता येईल. दुसरा सांगण्यासाठी नंतरची अडीचशे वर्षे ठाऊक असलेला आजचा निवेदक लागतो. त्याला ती वर्षे अभ्यासण्यासाठी पगारी वेळ देणे आणि अवघड प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्यापुढे त्याच्या पाठीशी उभे राहणे, हा खर्च या गावांच्या अंदाजपत्रकात छपरांच्या आणि कुंपणांच्या दुरुस्तीआधी आला पाहिजे.